कुणाला किती भार? निर्देशांकांची गणितं आणि जोखमीची वाटणी

ऑगस्ट २०१५ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने नव्याने जमा होणाऱ्या रकमेतला एक भाग शेअर बाजारात गुंतवायला सुरुवात केली. आधी ५ टक्के, पुढच्या वर्षी १० आणि २०१७ मध्ये १५ टक्के. त्यातला मोठा वाटा सेन्सेक्स आणि निफ्टीवर बेतलेल्या ईटीएफमध्ये जातो. चाकणच्या कारखान्यातला फिटर असो की अंधेरीच्या कार्यालयातली हिशेबनीस, त्यांच्या निवृत्तीच्या पुंजीतले काही पैसे कोणत्या कंपनीत किती जावेत हे कुणी फंड व्यवस्थापक ठरवत नाही. एक नियम ठरवतो: बाजारात ज्या कंपनीचं मूल्य जास्त, तिला भार जास्त. कोट्यवधी लोकांच्या बचतीला लागू झालेला हा नियम आला कुठून, त्याला कोणते पर्याय सुचवले गेले आणि ते कसोटीला कितपत उतरले, हे प्रत्येक पगारदार माणसाला ठाऊक असायला हवं.

या विषयात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पैसा किती आणि कोणकोणत्या ठिकाणी वाटायचा, हा विविधतेचा प्रश्न. वाटताना कुणाला किती द्यायचं, हा भाराचा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नावर हल्ली फार उत्साहाने बोललं जातं. नवनवे निर्देशांक निघतात, त्यांवर फंड निघतात, जाहिराती होतात. पहिला प्रश्न मात्र अर्ध्यात सोडून दिला जातो आणि माझ्या मते सामान्य घरांचं मोठं नुकसान तिथेच होतं.

विविधतेची शिस्तशीर मांडणी हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधल्या लेखात केली. याच कामासाठी १९९० मध्ये त्यांना विल्यम शार्प आणि मर्टन मिलर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत हे शहाणपण त्याआधीही होतंच. मार्कोविट्झ यांनी सांगितलं ते असं की, एखादा शेअर एकटा किती वरखाली होतो यापेक्षा तो बाकीच्यांबरोबर किती वरखाली होतो हे महत्त्वाचं. दोन शेअर भले प्रत्येकी खूप हेलकावे खात असतील; त्यांचे हेलकावे वेगवेगळ्या वेळी येत असतील, तर दोन्ही मिळून होणारी गुंतवणूक बरीच शांत असते.

याचा हिशेब एकदा आकड्यांत पाहावा, कारण त्याशिवाय या विचाराची मर्यादा कळत नाही. समजा, प्रत्येक शेअरची वार्षिक चढउतार ३५ टक्के आहे आणि कोणत्याही दोन शेअरांमधला सहसंबंध ०.३ आहे. एकच शेअर घेतला तर चढउतार ३५ टक्केच राहील. समान रकमेचे दहा घेतले तर ती साधारण २१.३ वर येते. तीस घेतले तर १९.९, पन्नास घेतले तर १९.६, शंभर घेतले तर १९.४. हजारो घेतले तरी ती १९.२ च्या खाली जात नाही. पहिल्या दहा शेअरांनी जे साधलं त्याच्या तुलनेत पुढच्या नव्वदांनी मिळवलेलं नगण्य आहे. उरलेले १९ टक्के म्हणजे सगळ्या बाजाराची सामाईक जोखीम. शेअरांची संख्या वाढवून ती जात नाही. ती कमी करायची असेल तर शेअर बाजाराबाहेर पाहावं लागतं.

किती शेअर पुरे, या प्रश्नाचं उत्तर काळाबरोबर बदलत गेलं. १९६८ मध्ये जॉन इव्हान्स आणि स्टीफन आर्चर यांनी सुमारे दहा शेअरांनंतर फायदा थांबतो असं मांडलं. १९८७ मध्ये मायर स्टॅटमन यांनी हा आकडा किमान तीस ते चाळीसवर नेला. पण हे दोन्ही अभ्यास हेलकाव्यांचं मोजमाप करत होते. त्याहून वेगळा आणि मला अधिक पटणारा मुद्दा हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी २०१८ मध्ये पुढे आणला. त्यांनी १९२६ ते २०१६ या काळातले अमेरिकेतले जवळपास २६ हजार शेअर तपासले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक शेअरांनी आपल्या सबंध आयुष्यात अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांइतकाही परतावा दिला नव्हता. बाजाराने रोख्यांपेक्षा जी जास्तीची संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम ४ टक्के कंपन्यांकडून आली होती. याचा अर्थ स्पष्ट आहे. मोजके दहा-पंधरा शेअर निवडणाऱ्याच्या हातून हे थोडे विजेते निसटण्याचीच शक्यता जास्त. विविधता नुकसानीपासून वाचवते, त्याचबरोबर ते विरळ विजेते आपल्याकडे असतील याचीही खात्री देते. निर्देशांकातल्या गुंतवणुकीची सर्वांत भक्कम बाजू मला हीच वाटते.

कंपन्यांची संख्या मोठी असली म्हणजे विविधता मोठी असतेच असं नाही. निफ्टीत पन्नास कंपन्या आहेत, पण अलीकडच्या वर्षांत पहिल्या दहांचा एकत्रित भार निम्म्याहून अधिक राहिला आहे. वित्तक्षेत्राचा एकट्याचा वाटा एक तृतीयांशाच्या वर. जुलै २०२३ मध्ये एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, तेव्हा दोघींचा भार एकाच नावावर आला. अशा निर्देशांकात खरी विविधता किती, हे मोजायची सोपी रीत आहे: प्रत्येक भाराचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि १ ला तिने भागायचं. निफ्टीच्या घडणीशी मिळतंजुळतं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा मोठ्या कंपन्यांचे भार १३, ९, ८, ५, ५, ४, ४, ३, ३ आणि २ टक्के, उरलेल्या चाळिसांना प्रत्येकी १.१ टक्के. उत्तर येतं २१ च्या आसपास. म्हणजे कागदावर पन्नास कंपन्या, पण विविधता समान भाराच्या एकवीस कंपन्यांइतकी. शिवाय त्यांतल्या बऱ्याच बँका असतील तर तीही प्रत्यक्षात आणखी कमी, कारण व्याजदर आणि बुडीत कर्जं सगळ्या बँकांना एकदमच भोवतात.

म्युच्युअल फंडांच्या बाबतीत ही गफलत सर्रास होते. सेबीच्या २०१७ मधल्या वर्गवारीनुसार लार्ज कॅप योजनांना मुख्यतः पहिल्या शंभर कंपन्यांतच पैसे घालावे लागतात. त्यामुळे सहा वेगवेगळ्या फंड घराण्यांच्या सहा लार्ज कॅप योजना घेतल्या तरी आत त्याच बँका, तीच रिलायन्स, त्याच सॉफ्टवेअर कंपन्या असतात. खर्च सहा ठिकाणी, विविधता एकाच योजनेची.

आता भाराकडे. पहिला प्रसिद्ध निर्देशांक चार्ल्स डाऊ यांनी २६ मे १८९६ रोजी बारा कंपन्यांचा काढला, तो किमतीवर आधारलेला होता. किमतींची बेरीज करून भागायचं, एवढंच. ज्या शेअरची किंमत जास्त त्याचा प्रभाव जास्त, कंपनी लहान असो की मोठी. कंपनीने शेअरचं विभाजन केलं की धंद्यात काडीचाही फरक न पडता तिचा भार घटतो. कागद-पेन्सिलीच्या काळात ही सोय होती. डाऊ जोन्स आणि जपानचा निक्केई आजही याच पद्धतीने चालतात. परंपरेपलीकडे त्याला काही आधार दिसत नाही.

बाजारमूल्यावर आधारित पद्धतीमागे मात्र विचार आहे. सेन्सेक्स १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला तो याच पद्धतीने, १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून. निफ्टी एप्रिल १९९६ मध्ये आला. पुढे दोघांनीही फ्री फ्लोट पद्धत स्वीकारली, सेन्सेक्सने सप्टेंबर २००३ मध्ये आणि निफ्टीने जून २००९ मध्ये. फ्री फ्लोट म्हणजे प्रवर्तक किंवा सरकार यांच्याकडचे, बाजारात सहसा न येणारे शेअर वगळून उरलेल्यांचं मूल्य. भारतात हा फरक फार मोठा आहे. मे २०२२ मध्ये एलआयसीची नोंदणी झाली तेव्हा ९६.५ टक्के शेअर सरकारकडे होते. एकूण बाजारमूल्याने ती देशातल्या मोठ्या कंपन्यांत बसत होती, पण फ्री फ्लोटने पाहिलं तर भार मोजण्यापुरते ३.५ टक्केच शेअर उरत होते. जे विकत घेताच येत नाही त्याला भार देण्यात अर्थ नाही, हे तत्त्व रास्त आहे.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण असा की देशातले सगळे गुंतवणूकदार एकाच वेळी ती वापरू शकतात. सगळ्यांची मिळून जी गुंतवणूक असते, तिचेच प्रमाण हा निर्देशांक दाखवतो. समान भाराची किंवा अन्य कोणतीही रीत सगळ्यांनी एकदम धरली तर लहान कंपन्यांचे तेवढे शेअर बाजारात नसतातच. दुसरा गुण खर्चाचा. किंमत वाढली की भार आपोआप वाढतो, घटली की घटतो. खरेदी-विक्री करावी लागते ती निर्देशांकात बदल झाला तेव्हा. शार्प यांनी १९९१ मध्ये अवघ्या काही पानांत दाखवलं की, खर्च वजा जाता सक्रिय गुंतवणूकदारांची सरासरी बाजाराच्या सरासरीपेक्षा कमीच येणार. त्याला कोणतंही गृहीतक लागत नाही, साधी बेरीज-वजाबाकी पुरते.

खर्चाचा हा मुद्दा किती खरा आहे, ते पहिल्याच निर्देशांक निधीने अनुभवलं. १९७१ मध्ये वेल्स फार्गो बँकेने सॅमसोनाइट या प्रवासी बॅगा बनवणाऱ्या कंपनीच्या पेन्शन निधीतले ६० लाख डॉलर न्यूयॉर्क शेअर बाजारावरच्या सुमारे १५०० कंपन्यांत समान वाटून गुंतवले. तत्त्व सुंदर होतं. पण किमती रोज हलत, भार रोज बिघडत आणि ते पुन्हा समान करण्यासाठी सतत खरेदी-विक्री करावी लागे. त्या काळातल्या दलालीच्या दरांत ते परवडेना. काही वर्षांत हा प्रयोग सोडून बँक बाजारमूल्याच्या भाराकडे वळली. १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी सामान्य लोकांसाठी पहिला निर्देशांक फंड काढला तो एस अँड पी ५०० वर. १५ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, जमले १ कोटी १३ लाख. तरी त्यांनी तो चालवला आणि पुढे सगळ्या जगाने तो मार्ग धरला. भारतात निफ्टी बीज हा पहिला ईटीएफ २००१ च्या अखेरीस आला.

बाजारमूल्याच्या भारावरचा मुख्य आक्षेप असा: ज्याची किंमत अवाजवी वाढली त्यालाच हा नियम जास्त पैसे देतो. याची ठळक उदाहरणं आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित देशांच्या एमएससीआय जागतिक निर्देशांकात एकट्या जपानचा भार ४० टक्क्यांच्या वर गेला होता. २९ डिसेंबर १९८९ रोजी निक्केई ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी त्याला पुन्हा ओलांडता आली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. चौतीस वर्षं. त्याच जागतिक निर्देशांकात आज अमेरिकेचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. इतिहास जसाच्या तसा घडेल असं नाही, पण हे प्रमाण पाहून सावध व्हायला हवं.

आपल्याकडे अदानी एंटरप्रायझेस ३० सप्टेंबर २०२२ पासून निफ्टीत आली, दोन-तीन वर्षांत किंमत अनेक पटींनी चढल्यानंतर. २४ जानेवारी २०२३ रोजी हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा अदानी समूहावर आरोप करणारा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जेमतेम महिन्याभरात किंमत निम्म्याहून खाली आली. निर्देशांक फंडांनी तो शेअर चढ्या भावात घेतला होता, कारण घेणं बंधनकारक होतं. त्याआधी सत्यम: ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली, त्या एका दिवसात शेअरने तीन चतुर्थांशाहून अधिक मूल्य गमावलं. तेव्हा सत्यम सेन्सेक्स आणि निफ्टी दोन्हींत होती. येस बँकेचं प्रकरण तर अधिक विचित्र. मार्च २०२० मधल्या पुनर्रचनेत शंभराहून अधिक शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. निफ्टीतून ही बँक बाहेर पडली, पण निर्देशांक फंडांना ते शेअर विकता आले नाहीत. मार्च २०२३ पर्यंत ते त्यांच्याकडे पडून राहिले. निर्देशांक फंड म्हणजे निर्देशांकाची हुबेहूब प्रत, हे गृहीत इथे मोडलं.

तरीही या उदाहरणांवरून पद्धतच चुकीची ठरत नाही. आंद्रे पेरोल्ड यांनी २००७ मध्ये नेमका प्रतिवाद केला होता: महाग शेअरना जास्त भार मिळतो हे खरं, पण कोणता शेअर महाग आहे हे बाजारमूल्यावरून आधी कळत नाही. मोठी कंपनी महाग असेलच असं नाही, ती खरोखर मोठीही असू शकते. किमती योग्य पातळीवर परत येतात असं आधीच धरलं, तरच या भारपद्धतीला तोटा होतो. सत्यम किंवा येस बँक यांचा भार कोसळताना आपोआप घटत गेला, हेही इथे लक्षात घ्यायला हवं.

कारण समान भाराच्या पद्धतीत नेमकं उलट होतं. निफ्टी ५० समान भार निर्देशांकात प्रत्येक कंपनीला २ टक्के मिळतात आणि दर तिमाहीला ते पुन्हा सारखे केले जातात. घसरत चाललेल्या कंपनीत दर वेळी नव्याने पैसे घातले जातात, चढलेल्या कंपनीतले काढले जातात. घसरण तात्पुरती असेल तर हे फायद्याचं. ती कायमची असेल तर जखम खोल होत जाते, कंपनी निर्देशांकातून बाहेर काढली जाईपर्यंत. दुसरीकडे, वित्तक्षेत्राचा वाटा एक तृतीयांशावरून पाचव्या हिश्शाच्या आसपास येतो, ही खरी जमेची बाजू. पण आत कोण येणार, ते ठरतं बाजारमूल्यावरूनच. समान भार त्या निवडीनंतरचा बदल आहे.

परताव्याचं काय? एस अँड पी ५०० चा समान भाराचा निर्देशांक जानेवारी २००३ मध्ये आला आणि नंतरची बरीच वर्षं तो मूळ निर्देशांकाच्या पुढे होता.  २०२२ मध्ये मूळ निर्देशांक लाभांशासह १८ टक्के पडला, समान भाराचा साडेअकरा. २०२३ मध्ये मात्र वारं फिरलं: मूळ निर्देशांक २६ टक्क्यांनी वाढला, समान भाराचा सुमारे १४. ती वाढ मोजक्या तंत्रज्ञान कंपन्यांची होती. भारतात २०१८ मध्ये निफ्टी ३ टक्क्यांच्या आसपास वाढला, तर स्मॉलकॅप १०० निर्देशांक साधारण २९ टक्के कोसळला. थोड्या मोठ्या कंपन्याच बाजार ओढत असतात, अशा काळात भार लहानांकडे झुकवणारी प्रत्येक पद्धत मागे पडते. समान भाराच्या जास्तीच्या परताव्याचा मोठा हिस्सा लहान कंपन्यांकडे झुकल्यामुळे येतो. ती वेगळी जोखीम आहे आणि ती स्वीकारणाऱ्याने तसं म्हणूनच स्वीकारावी. ही जोखीम घेतली म्हणून विविधता आपोआप वाढते, असं मानणं बरोबर नाही.

भार कंपनीच्या विक्री, रोकड, लाभांश, पुस्तकी मूल्य यांवरून ठरवावा, असं रॉबर्ट अर्नॉट, जेसन सू आणि फिलिप मूर यांनी २००५ मध्ये सुचवलं. अमेरिकेच्या १९६२ ते २००४ च्या आकड्यांवर त्यांना वर्षाला सुमारे २ टक्के जास्त मिळाले. टीकाकारांनी दाखवलं की, यातलं बरंच स्वस्त शेअरांकडे झुकल्यामुळे आहे. वाद तिथेच राहिला. भारतीय गुंतवणूकदाराच्या निवडीवर त्याचा प्रभाव मर्यादित आहे.

गणिताने ‘सर्वोत्तम’ भार काढण्याचा मार्ग मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण तो मार्कोविट्झ यांच्याच सूत्रांतून निघतो. प्रत्येक शेअरचा अपेक्षित परतावा, चढउतार आणि सहसंबंध दिले की संगणक आदर्श भार सांगतो. अडचण अशी की हे आकडे भूतकाळातून काढलेले अंदाज असतात. ज्या शेअरचा परतावा चुकून जास्त दिसला, त्यालाच सूत्र सर्वाधिक भार देतं. रिचर्ड मिशो यांनी १९८९ मध्ये या पद्धतीला चुका वाढवणारं यंत्र ठरवलं. त्यानंतर २००९ मध्ये व्हिक्टर डीमिगेल, लोरेन्झो गार्लापी आणि रमण उप्पल यांनी अशी १४ प्रतिमानं सात वेगवेगळ्या आकडेवारींवर तपासली. समोर होती सर्वांत साधी रीत: सगळ्यांना सारखं वाटा. एकही प्रतिमान तिला सातत्याने मागे टाकू शकलं नाही. त्यांचा एक हिशेब विचार करायला लावणारा आहे: पंचवीस मालमत्तांसाठी सूत्राला समान वाटणीवर मात करायला साधारण ३००० महिन्यांची आकडेवारी लागेल. म्हणजे अडीचशे वर्षं. मार्कोविट्झ यांनी स्वतःच्या निवृत्ती निधीत शेअर आणि रोखे अर्धे-अर्धे ठेवले होते, हे त्यांनीच सांगितलेलं आहे.

सूत्रांपैकी फक्त चढउतार वापरणारी, परताव्याचा अंदाज न मागणारी सूत्रं तुलनेने टिकली. निफ्टी १०० लो व्होलॅटिलिटी ३० सारखे निर्देशांक त्या जातीचे. जोखमीची समान वाटणी करणारी, कर्ज काढून रोख्यांचा वाटा वाढवणारी ‘रिस्क पॅरिटी’ ही पद्धत ब्रिजवॉटर या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने १९९६ पासून प्रसिद्ध केली; २०२२ मध्ये व्याजदर चढले, शेअर आणि रोखे एकदमच पडले आणि तिचा आधारच डळमळला.

इथे भारतीय वाचकांना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झाला, पण त्याचा पाया २००५ चा आहे. २०२० च्या आधीचे आकडे मागे जाऊन मोजलेले आहेत; त्या काळात त्यात प्रत्यक्ष कुणी पैसे घातले नव्हते. नियम ठरवणाऱ्यांना तो सगळा भूतकाळ माहीत होता. भूतकाळात वाईट चाललेले नियम निर्देशांक म्हणून बाजारात येतच नाहीत. म्हणून नव्या धोरणात्मक निर्देशांकाचा तक्ता हाती आला की प्रथम तो सुरू झाल्याची तारीख शोधावी आणि त्यापुढचेच आकडे वाचावेत. अनेकदा ते दोन-चार वर्षांचे असतात आणि त्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या वाढत्या भारावर नियामकांनीही लगाम घातले आहेत. जानेवारी २०१९ च्या सेबीच्या नियमानुसार निर्देशांक फंड किंवा ईटीएफ ज्यावर काढायचा त्या निर्देशांकात किमान दहा शेअर हवेत, एकाला २५ टक्क्यांहून अधिक भार नको (क्षेत्रीय निर्देशांकांत ३५), पहिल्या तिघांचा मिळून ६५ टक्क्यांहून अधिक नको. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये नॅस्डॅक १०० च्या भारांची खास पुनर्रचना करावी लागली. कमाल मर्यादा हा मला समंजस मार्ग वाटतो. बाजारमूल्याचा नियम तो मोडत नाही, फक्त टोकाला जाऊ देत नाही. भविष्य निर्वाह निधीसारख्या मोठ्या आणि दीर्घकाळच्या पैशाने तर पन्नास कंपन्यांवर न थांबता निफ्टी ५०० सारख्या विस्तृत निर्देशांकाचा गंभीरपणे विचार करावा.

आता सोडून दिलेला पहिला प्रश्न. २००८ या वर्षात निफ्टी सुमारे ५२ टक्के पडला. त्या वर्षी भार कोणत्याही सूत्राने वाटलेला असता, तरी भारतीय शेअरांतली गुंतवणूक होरपळलीच असती. रुपयातलं सोनं मात्र वाढलं. भारपद्धतींमधला फरक वर्षाला दोन-चार टक्क्यांचा, कधी इकडे कधी तिकडे. शेअर, रोखे, सोनं, परदेशी गुंतवणूक यांच्या प्रमाणातला फरक संकटात वीस-तीस टक्क्यांचा. परदेशाची वाट आपल्याकडे अरुंद आहे: म्युच्युअल फंडांची परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची सामाईक मर्यादा २०२२ च्या सुरुवातीलाच भरली आणि अनेक योजनांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. ही मर्यादा वाढायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराची खरी एकवटलेली जोखीम शेअरात नसतेच मुळी. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयेच काढता येत होते. ठेवविमा होता एक लाखाचा. तो फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाला. आयुष्यभराच्या सगळ्या ठेवी एकाच सहकारी बँकेत ठेवणारी कुटुंबं स्वतःला अतिशय सावध समजत होती. पाच लाखांची मर्यादा प्रत्येक बँकेला स्वतंत्र लागू होते, एवढी माहिती आणि दोन-तीन बँकांत केलेली वाटणी हे कोणत्याही निर्देशांकाच्या भारापेक्षा अधिक मोलाचं संरक्षण आहे.

ज्यांना भारपद्धत बदलायचीच आहे, त्यांनी ती फंडाच्या आत बदलावी. फंडाने आतल्या आत केलेल्या खरेदी-विक्रीवर गुंतवणूकदाराला कर लागत नाही. तोच समान भार स्वतःच्या डिमॅट खात्यात दर तिमाहीला राखायला गेलं तर प्रत्येक विक्रीवर कर: २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, वर्षाहून जुन्या नफ्यावर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के. समान भाराकडून अपेक्षित असलेला जास्तीचा परतावा बहुतेकदा यातच जिरून जातो. एकूण इक्विटीपैकी लहानसा हिस्सा समान भाराच्या फंडात, बाकी विस्तृत बाजारमूल्याच्या फंडात, आणि समान भार सलग पाच वर्षं मागे पडला तरी न बदलण्याची तयारी, ही मला सांगता येण्याजोगी मांडणी. ती तयारी नसेल तर तो हिस्साही घेऊ नये.

हिंजवडीतल्या संगणक अभियंत्याची गोष्ट थोडी वेगळी. तिचा पगार, वार्षिक बोनस आणि कंपनीने दिलेले शेअर, तिन्ही अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरच्या मागणीवर अवलंबून. तिच्या निफ्टी फंडात आणखी दहाव्या हिश्शाच्या आसपास तेच क्षेत्र. राहतं घर हिंजवडीजवळच, म्हणजे त्याचंही मूल्य त्याच नोकऱ्यांवर. मंदीत कपात सुरू झाली तर पगार, शेअर आणि घराची किंमत एकाच वेळी खाली येतील. तिने कंपनीचे शेअर हाती येतील तसे टप्प्याटप्प्याने विकून विस्तृत निर्देशांक, रोखे आणि थोडं सोनं यांत वळवावेत. निफ्टी ५० घ्यावा की समान भाराचा, हे तिने त्यानंतर निवांत ठरवलं तरी चालेल.